पद्मिनीचा पोलादी बंपर

कुर्ल्याला लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी आज अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत झाकण घालून उभी दिसते, तेव्हा तिच्या मालकापुढे इंजिनाच्या खालोखाल प्रश्न असतो तो बंपरचा: मूळची चकचकीत पट्टी जपावी, ती काढून टाकावी, की तिच्यापुढे लोखंडी नळ्यांचा जाड गार्ड बसवावा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने इटलीच्या फियाट ११०० चे रूप १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून, १९७२ पासून ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ म्हणून आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून विकले. नावे बदलत गेली, तरी क्रोम चढवलेल्या पोलादी बंपरची घडण फारशी बदलली नाही.

हा बंपर म्हणजे वाकवलेला पत्रा असून तो ब्रॅकेट आणि बोल्ट यांच्या आधाराने गाडीच्या अंगाला जोडलेला असतो. त्यावर जे दोन उभे उंचवटे दिसतात त्यांना ओव्हररायडर म्हणतात, आणि समोरच्या गाडीचा बंपर आपल्या बंपरवर चढू नये किंवा त्याखाली अडकू नये, एवढेच त्यांचे काम असते. पार्किंगमधली हलकी ठोकर झेलण्यापुरती ही व्यवस्था पुरेशी होती. वेगातली धडक थोपवणे तिच्याकडून कधीच अपेक्षित नव्हते.

परदेशात जुन्या गाड्यांच्या जड बंपरचा वाद निराळ्या कारणाने उभा राहिला. अमेरिकेत १९७३ पासून ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाच्या समोरच्या धडकेत दिवे वगैरे सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत असा नियम आला, आणि त्यामुळे युरोपातल्या नाजूक गाड्यांनाही अवजड बंपर चिकटले. इंग्लंडच्या एमजीबी या गाडीला १९७४ मध्ये काळे रबरी नाक आले ते याच नियमापोटी. असे बंपर उतरवून जुने सडपातळ बंपर लावणे हा तिकडच्या शौकिनांचा उद्योग आहे. पद्मिनीवर अशी सक्ती कधी आली नाही. तिच्या पुढ्यात जो जडपणा आला तो कारखान्यातून नव्हे, तर गॅरेजमधून आला.

नळ्यांचा गार्ड दिसतो भक्कम, पण त्याचे गणित उलटे आहे. पद्मिनीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याचे अंगच सगळा भार वाहते, ज्याला मोनोकॉक म्हणतात. त्यामुळे ताठ गार्डवर बसलेला धक्का वाटेत फारसा न विरता ब्रॅकेटच्या जागी, म्हणजे पन्नास पावसाळे पाहिलेल्या पत्र्यावर, जाऊन पडतो आणि शंभर रुपयांची खरचट वाचवताना पुढचा सांगाडाच वाकण्याची वेळ येते. पादचाऱ्याला होणारी इजा तर वाढतेच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग ठरतात असे राज्यांना कळवले. हे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल रोखते. त्या वेळी दिल्या गेलेल्या कारणांपैकी एअरबॅगमध्ये येणारा अडथळा पद्मिनीला लागू नाही, कारण तिच्यात एअरबॅगच नाही. बाकीची कारणे तिलाही तितकीच लागू पडतात. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीसाठी अंधेरी, बोरिवली किंवा वडाळ्याच्या आरटीओत पासिंगला जाताना गार्ड उतरवायचा आणि परतल्यावर पुन्हा चढवायचा, ही युक्ती करण्यापेक्षा तो न बसवलेलाच बरा.

विंटेज वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली मोटार त्यांत बसते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी त्यातून बाद होते. १९७४ ची पद्मिनी ही मर्यादा २०२४ मध्येच ओलांडून गेली. बोल्टने उतरणारा आणि पुन्हा बसणारा बंपर ही यात किरकोळ बाब ठरावी. परंतु गार्डसाठी पुढचा पत्रा कापून नवी भोके पाडली किंवा ब्रॅकेट वेल्डिंगने कायमचे जोडले, तर मूळ रूपाचा दावा डळमळतो. म्हणून बदल करायचाच झाला तर तो जुन्याच भोकांतून व्हावा आणि काढलेला बंपर भंगारवाल्याकडे न जाता माळ्यावर जावा.

जपण्याचे काम मात्र सोपे नाही. क्रोमचा चमकदार थर अत्यंत पातळ असतो आणि गंजापासून खरे संरक्षण त्याखालच्या निकेलचे असते. त्याला बारीक भोक पडले, की उपनगरातली खारी, दमट हवा आत शिरून पोलाद खाऊ लागते. गंज सहसा दर्शनी बाजूने सुरू होत नाही. चिखल आणि पाणी साचते ते बंपरच्या पाठीवर, जिथे फडके पोहोचत नाही. पुन्हा क्रोम मारून घेताना जुना थर काढून पोलाद घासावे लागते आणि अशा दोन-तीन फेऱ्यांत ओव्हररायडरची धार बोथट होते, पत्रा पातळ होतो. त्यामुळे समोरून दोन ओरखडे असलेला, पण पाठ कोरडी असलेला बंपर तसाच ठेवून, पावसाळ्याआधी तो उतरवून त्याच्या पाठीला गंजरोधक रंग लावणे आणि बोल्टना ग्रीस देऊन पुन्हा कसणे, हेच बहुतेक गाड्यांसाठी पुरेसे असते.