भिंत सर्वांना सारखीच हवी!

सापशिडीत फासा टाकला की खेळणाऱ्याचे काम संपते. पुढे शिडी लागो की साप, त्याच्या हुशारीला तिथे काही किंमत नाही. परंतु फाशाबरोबर माणसाची तयारीही मोजणारा एक खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आज मुंबई-पुण्याकडची काही मुलेही तो खेळतात. म्हणून पालकांनीही तो समजून घ्यावा.

या खेळात चार-पाच जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी लढवय्या, कोणी पुस्तकांत रमलेला जादूगार. एक जण गोष्ट सांगतो आणि खेळ चालवतो. तो म्हणतो, "पुढे उंच भिंत आहे. काय करता?" कोणी म्हणतो, "मी चढतो." चढणे जमले की नाही, हे कसे ठरवायचे?

जुन्या काळी चोराच्या पात्रासाठी शेकडेवारी दिलेली असे. १९७८ च्या नियमपुस्तकात नवशिक्या चोराला कुलूप उघडण्याची संधी शंभरात २५ होती. कुलूप साधे की भक्कम, याचा त्या आकड्यात विचार नव्हता. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्या कामांना एकच सरळ पद्धत लावली. खेळ चालवणारा कामाला अवघडपणाचा आकडा देतो. खेळणारा वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात आपल्या कौशल्याचे गुण मिळवतो. बेरीज त्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली, की काम फत्ते!

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि अवघड कामाला २० असे आकडे दिले आहेत. आता आपण हिशेब करू. भिंत १५ ची आहे. लढवय्याकडे ताकदीचे ३ आणि सरावाचे २ असे ५ गुण आहेत. त्याला फाशावर १० किंवा जास्त पडले पाहिजेत. म्हणजे शंभरात ५५ वेळा तो चढेल. जादूगाराकडे शून्य गुण. तो शंभरात ३० वेळाच चढेल. आणि 'सोपे' म्हटलेल्या १० च्या कामातही हाच जादूगार शंभरात ४५ वेळा फसतो! ज्याला सराव नाही त्याला सोपे कामही सोपे नसते, हे इथे आकड्यांत दिसते.

खेळ चालवणाऱ्याच्या हातून खरी चूक होते ती पुढे. लढवय्या शिकला, त्याचे ५ गुणांचे ८ झाले. मग चालवणारा म्हणतो, "हा आता फार सहज चढतो," आणि त्याच भिंतीचा आकडा १५ वरून १८ करतो. मग त्या शिकण्याचा उपयोग काय? संधी पुन्हा ५५ वरच आली. मेहनत त्याने केली आणि फळ भिंतीने खाल्ले! अवघडपणा भिंतीचा असतो, चढणाऱ्याचा नव्हे. आकडा फासा पडण्यापूर्वी ठरवावा आणि माणूस पाहून बदलू नये.

दुसरी चूक म्हणजे एकाच कामासाठी पुन्हापुन्हा फासा टाकायला लावणे. ५५ टक्के संधी असलेल्याने एकाच भिंतीसाठी ओळीने तीनदा जिंकायचे म्हटले, तर सहा वेळांत जेमतेम एकदा जमते. आणि फसल्याने काही बिघडणारच नसेल, तर फासा टाकूच नये, असे २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकातही सांगितले आहे.

या नियमांत एक फार चांगली गोष्ट आहे. साथीदाराने मदत केली तर फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. मग लढवय्याची संधी ५५ वरून सुमारे ८० होते आणि जादूगाराची ३० वरून ५१. भिंत तीच, फक्त कोणीतरी हात दिला!

खेळायला महागड्या फाशाची गरज नाही. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, डब्यात टाका आणि एक काढा. मात्र काढलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायला विसरू नका, नाहीतर हिशेब चुकेल. संध्याकाळी मुलांना भिंतीची गोष्ट सांगा. आकडा आधीच मोठ्याने जाहीर करा. थोरल्याला एक आणि धाकटीला दुसरा, असे करू नका. धाकटी हरली आणि "मला जमतच नाही" म्हणाली, तर तिला बोटे मोजून दाखवा की तिला किती गुण कमी पडले. तेवढे गुण सरावाने मिळवता येतात, हे तिला एकदा कळले की पुढची चिठ्ठी ती न घाबरता काढील.