आमिक्षा : गोकुळाष्टमीसाठी घरच्या दुधाचा नैवेद्य

श्रावण वद्य अष्टमी जवळ आली की भाविकांच्या घरी दुधाची पातेली मोठी होतात. दह्याचे विरजण लागते, लोणी निघते, सुंठवड्याची तयारी होते. भागवताच्या दशम स्कंधात यशोदामातेची कथा आहे. चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले, म्हणून ती अंकावरच्या बाळकृष्णाला खाली ठेवून धावली. आणि रुसलेल्या कान्ह्याने दह्याचे भांडे फोडून टाकले. मातेने दूध सांभाळले, पण देव रुसला. ही कथा आम्ही आजवर अनेक कीर्तनांत सांगितली. तिचा बोध मात्र आम्हांला फार उशिरा झाला. त्या चुकीची कबुली देऊनच आज चार शब्द लिहीत आहोत.

इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान चिखली हे गाव आहे. तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी मल्हारपंत कुलकर्णी हे येथले, म्हणून या गावास ‘टाळगाव चिखली’ असे आदराने म्हणतात. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणारी नाना प्रांतांची माणसे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी गोपाळकाल्याच्या दिवशी आम्ही येथे काल्याचे कीर्तन केले. कीर्तन संपताच ओरिसाकडील एक सुवासिनी शेजारणीचा हात धरून पुढे आली. वाटीत पांढरा शुभ्र, साखर घालून मळलेला गोळा होता. शेजारीण म्हणाली, “महाराज, हा छेना. हिने रात्री दूध फाडून केलाय. काल्यात घालता येईल का?”

आम्ही तत्काळ उत्तरलो, “माउली, नासलेले दूध देवाला चालत नाही.” त्या बाईंना मराठी फारसे समजत नव्हते, पण आमचा हात समजला. वाटी पदराखाली गेली.

‘नासणे’ आणि ‘फाडणे’

घरी परतल्यावर मनाला स्वस्थता लाभेना. आपल्याकडे दूध नासणे हा अपशकुन मानतात, हे खरे. परंतु हलगर्जीपणाने आपोआप नासलेले दूध आणि ताज्या दुधात हेतुपुरस्सर आंबट घालून केलेला पदार्थ, ही दोन एकच कशी? आम्ही पोथ्या उघडल्या, आणि आमचेच अज्ञान समोर उभे राहिले.

चातुर्मास्य नावाच्या श्रौत यागांतील पहिले पर्व वैश्वदेव. त्यात तापलेल्या दुधात दही घालतात. जो घट्ट भाग जमतो ती ‘आमिक्षा’. ती विश्वेदेवांना अर्पण करतात. जे पातळ पाणी सुटते ते ‘वाजिन’. ते वाजी नामक देवतांना देतात. वरुणप्रघास या दुसऱ्या पर्वातही आमिक्षा आहेच. अमरकोशात आमिक्षेचा अर्थ तापलेल्या दुधात दही मिळून होणारा पदार्थ, असाच दिला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथातही दूध फाडून गाळलेल्या गोळ्यात तांदळाचे पीठ मिसळून, तळून, साखरेत घातलेले पक्वान्न वर्णिले आहे. म्हणजे ही परंपरा आपल्या दक्षिणेतही होती. केवळ घराघरांतील स्मरणातून ती मागे पडली.

गॅसवर केलेला छेना म्हणजे यज्ञातील आमिक्षाच, असे आम्ही म्हणणार नाही. मंत्र, अग्नी आणि अधिकार यांवाचून याग होत नाही. परंतु जी कृती वेदाने देवासाठी सांगितली, तिला ‘नासके’ म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता?

नवशिक्यांसाठी कृती

ज्या गृहिणीला श्रीखंडासाठी चक्का बांधता येतो, तिला हे मुळीच अवघड नाही. आम्ही स्वतः सहधर्मचारिणीच्या देखरेखीखाली शिकलो. पहिल्या खेपेस घाईने सारे लिंबू एकदम ओतले, तेव्हा रबरासारखे आंबट खडे हाती आले. त्यावरून पुढील क्रम सांगतो.

एक लिटर ताजे, साय न काढलेले दूध जाड बुडाच्या पातेल्यात घ्यावे. तळाशी लागू नये म्हणून ढवळत एक उकळी आणावी. मग आच बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे. आंबट ताजे दही वाटीभर घ्यावे व घुसळून सारखे करावे. दही नसल्यास दोन चमचे लिंबाच्या रसात तेवढेच पाणी घालावे. हे थोडे थोडे घालून पळीने हळुवार ढवळावे. दुधातील केसीन नावाचे प्रथिन आम्लाच्या योगाने एकत्र येते, स्निग्धांश आपल्यात कोंडून घेते, आणि पाणी वेगळे होते. पाणी हिरवट, निवळ दिसू लागले की आंबट घालणे तत्काळ थांबवावे. पाणी अजून दुधाळ असेल तर चमचाभर आणखी घालावे. दूध फाटल्यावर पुन्हा उकळू नये.

धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळावे. लिंबू घातले असल्यास वरून गार पाणी ओतावे, म्हणजे आंबटपणा निघून जातो. अर्धा तास टांगून ठेवल्यास मऊ छेना मिळतो. हाच गोळा फडक्यात गुंडाळून, वर पाण्याने भरलेली कळशी ठेवून तास-दीड तास दाबला की पनीर होते. म्हशीच्या एक लिटर दुधाचे सुमारे २०० ग्रॅम पनीर निघते. गाईच्या दुधाचे त्याहून कमी, पण छेना अधिक मऊ होतो.

येथे एक अडचण भाविकांनाच पडेल. नैवेद्य आधी चाखावयाचा नसतो. मग जमले की नाही हे कसे ओळखावे? त्यासाठी डोळा आणि हात वापरावा. पाणी निवळ असावे. गोळ्याला आंबूस वास नसावा. चिमूटभर छेना तळहाताने रगडला असता रवाळपणा जाऊन लोण्यासारखा स्निग्ध लागला, तर काम साधले. मग पिठीसाखर आणि वेलची घालून मळावे, तुळशीपत्र ठेवावे, आणि अर्पण करावे.

श्रावणातील दमट हवेत हा पदार्थ लवकर बिघडतो. त्याच दिवशी संपवावा. चरकाचार्यांनी किलाटादी दुग्धविकार पचावयास जड, पण ज्याचा अग्नी प्रदीप्त त्याला हितकर सांगितले आहेत. तेव्हा प्रसाद प्रसादाएवढाच घ्यावा.

वाजिनाचा मान

गाळलेले पाणी मोरीत ओतू नये. दही घालावयाचे ते आमिक्षेसाठी की वाजिनासाठी, याचा विचार जैमिनींच्या पूर्वमीमांसेच्या चौथ्या अध्यायात आला आहे. निर्णय असा, की हेतू आमिक्षा. वाजिन आपोआप निघणारे. तरीही त्या आपोआप निघालेल्यालाही वेदाने देवता दिली! आपण त्यात कणीक भिजवावी, कढी करावी, किंवा ते आंबवून पुढच्या वेळी दूध फाडण्यास वापरावे.

बाजारातील पनीरविषयीही थोडे सांगणे भाग आहे. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेला, दिसावयास तसाच पदार्थ विकला जातो. कायद्याने त्याला पनीर म्हणता येत नाही. पण उघड्यावर मिळणाऱ्या वडीवर ते लिहिलेले नसते. परदेशी चीज गोठविण्यास परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट वापरीत. आता सूक्ष्मजीवांपासून केलेलेही मिळते. घरी दही किंवा लिंबू घालून केलेल्या गोळ्याविषयी मात्र ही शंकाच उरत नाही.

पुढील वर्षी चिखलीस गेलो तेव्हा त्या सुवासिनीची चौकशी केली. यजमानांची नोकरी सुटली, बिऱ्हाड हलले, एवढेच कळले. क्षमा मागावयाची राहून गेली. तेव्हापासून अष्टमीच्या रात्री आमच्या घरी लिटरभर दूध फाडले जाते, आणि नवमीला तो छेना काल्यात मिसळतो. काला म्हणजे ज्याच्या त्याच्या घरची शिदोरी एकत्र करणे. गोकुळात कान्ह्याने कोणाची शिदोरी परत पाठविली नाही.

वाचक भगिनींनो, यंदा आपल्या दारी कोणी परप्रांतीय माउली अशी वाटी घेऊन आली, तर ती आधी दोन्ही हातांनी घ्यावी. शास्त्र विचारावयाचेच झाले तर नंतर विचारावे. तेही तिच्याच बाजूने आहे.