पाण्यांतील कर्बवायु आणि अम्लता

चुन्याच्या निवळींत चिमूटभर हळद टाकली कीं निवळी कुंकवासारखी लाल होते. मग नळीनें तींत श्वास सोडीत राहावें. (फुंकावें मात्र, ओढूं नये, निवळी तोंड भाजते.) पाणी दुधाळ होतें, लाली ओसरते आणि हळदीचा पिवळा रंग परत येतो. लिंबू तर कोणीं पिळलेलें नसतें! हें काम उच्छ्वासांतील कर्बद्विप्राणिद, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, या वायूचें.

पाण्यांत विरघळल्यावर या वायूचा अल्पसा भाग पाण्याशीं संयोग पावतो व कर्बाम्ल बनतें. अम्लता मोजण्याचें पीएच हें माप डेन्मार्कमधील सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं काढलें. शुद्ध पाण्याचा अंक ७. तो एकानें उतरला कीं अम्लता दसपट वाढते. स्वच्छ हवेंतून पडणारें पावसाचें पाणीहि वाटेंत हा वायु घेऊन सुमारें ५.६ वर येतें.

यवतमाळ जिल्ह्यांत फुलसावंगीच्या काळ्या रानांत हें पाणी मुरूं लागलें म्हणजे त्यास याहून मोठा सांठा मिळतो. हवेंत हा वायु दहा हजार भागांत जेमतेम चार भाग; मुळांच्या व जिवाणूंच्या श्वसनानें मातीच्या पोकळ्यांत तो कित्येक पटींनीं अधिक सांचतो. अशा पाण्यानें काळा पाषाण व चुनखडीचे खडे झिजतात. त्यांतील चुना बायकार्बोनेटच्या रूपानें पाण्यांत उतरतो, आणि त्या कामीं अम्लता खर्ची पडते. म्हणून विहिरीचें पाणी आंबट न होतां जड होतें. जड पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, हें घरोघर ठाऊक असतें.

हें पाणी हंड्यांत तापविलें कीं वायु निघून जातो, पीएच चढतो, आणि वायूच्या आधारानें विरघळलेला चुना बुडाशीं पांढरा थर धरतो. थर बसला, दोष गेला, असें कित्येकांस वाटतें. ही समजूत घातक आहे. याच जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या भूजलांत फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळलें आहे. दांतांवर डाग पाडणारें व हाडें ताठरविणारें तें द्रव्य उकळल्यानें जात नाहीं. उलट पाणी आटेल तितकें दाटतें.

तेव्हां पाणी तपासूनच घ्यावें. तेथेंहि हा वायु फसवितो. बाटली अर्धी भरली तर तो वरच्या पोकळींत निसटतो, आणि प्रयोगशाळेंत पीएच विहिरीवरच्यापेक्षां अधिक दिसतो. म्हणून पीएच विहिरीवरच, पाणी वर येतांच मोजावा. बाटली न्यावयाचीच तर कांठोकांठ भरून, बुडबुडा न ठेवतां घट्ट झांकावी. फ्लोराइडच्या तपासणीस या वायूची अडचण नाहीं. त्या नमुन्यासाठीं प्लॅस्टिकची बाटली घ्यावी.