वीणेचा पहारा आणि औषधाची गोळी

मुरबाड-शहापूरकडच्या गावात हरिनाम सप्ताह बसला की थकलेली माणसंही पहाटे काकड्याला हजर होतात. मग कुणीतरी म्हणतं, “बघा, देवाचं करणाऱ्याला औषध लागत नाही.”

हा पहिला गैरसमज. अमेरिकेत सुमारे ७५ हजार परिचारिकांच्या १६ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा प्रार्थनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्के कमी आढळलं (२०१६). मात्र बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांच्या अभ्यासात (२००६), दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाली नाही. म्हणजे श्रद्धा गोळीची जागा घेत नाही. माणसं जमतात, त्याचा गुण मोठा असावा.

सप्ताहात नेमकं काय होतं ते पाहा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहारे लावतात. नाव पुकारल्यावर म्हातारबाबा दिसले नाहीत, तर पोरगा घरी धावतो. बाबा तापानं पडलेत, हे तेव्हाच कळतं. देवळापर्यंत चालणं होतं, पंगतीत चार घास जास्त जातात, अंगावर जबाबदारी असते. अनेक ठिकाणी पहारा पुरुषांनाच मिळतो. आजीबाईंनाही तो मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

‘भरल्या घरात कसला एकटेपणा?’ हा दुसरा गैरसमज. मुलगा पहाटेच आसनगावहून लोकल पकडतो, रात्री परततो. कातकरी वाड्यांवर तर दिवाळीनंतर जोडपी वीटभट्टीवर जातात आणि म्हातारी माणसं मागे राहतात. १४८ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत (२०१०) घट्ट नातेसंबंध असलेल्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक दिसली. त्यात शेजारीपाजारी, सोबती सगळे आले. नुसतं एका छपराखाली राहणं पुरत नाही.

राहिला तिसरा गैरसमज, उपासाचा. ‘एकादशीनं साखर आटोक्यात येते’ असं मानून मधुमेही उपाशीपोटी नेहमीची गोळी घेतात. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं अशा वेळी साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात. उलट साबुदाण्याच्या खिचडीनं ती झपाट्यानं चढते. उपास करायचाच तर डोस डॉक्टरांना आधी विचारावा. थरथर सुटली तर लगेच साखरपाणी पाजावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता १०८ला फोन करावा.