शेकडा तीन, फ्लॅट बारा आणि बँकेचे बारा : कर्ज घेण्याआधी एवढं गणित कराच



व्हिडिओत आकडे भराभर पुढं जातात, म्हणून तेच गणित इथं सावकाश मांडतोय. वही-पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर जवळ घ्या. उदाहरण गेवराईचंच घेऊ, कारण आपल्याकडं धंद्याला पैसा उभा करायचे रस्ते ठरलेले आहेत. एक तर बँक, नाहीतर फायनान्सवाला, नाहीतर ओळखीतला कुणी ‘शेकड्यानं’ देणारा. तिघंही म्हणतात, “व्याज काही जास्त नाही.” खरं काय ते बघू.

समजा, तुम्हाला मादळमोहीला किंवा उमापूरला मसाला कांडप यंत्र टाकायचंय. सगळं मिळून खर्च १ लाख रुपये. मुदत दोन वर्षं, म्हणजे २४ महिने. समोर तीन ऑफर आहेत :

१) बँक : वर्षाला १२ टक्के, शिल्लक रकमेवर व्याज.
२) फायनान्सवाला : वर्षाला १२ टक्के, पण ‘फ्लॅट’.
३) खासगी : शेकडा ३ रुपये महिना. मुद्दल जमेल तेव्हा द्या.

ऐकायला कसं वाटतं? पहिले दोन सारखेच, आणि तिसरा तर फक्त ‘तीन’! इथंच फसगत होते.

पहिलं काम : दर महिन्याचा की वर्षाचा?

शेकडा ३ म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला ३ रुपये. वर्षाचे महिने बारा. ३ × १२ = ३६ टक्के. म्हणजे बँकेच्या तिप्पट. कुणीही व्याजाचा आकडा सांगितला की आधी विचारायचं, “महिन्याचा का वर्षाचा?” दोन्ही आकडे एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करायची नाही.

चक्रवाढ आणि ७२ चा नियम

सरळव्याज म्हणजे व्याज फक्त मुद्दलावर. १ लाखाला शेकडा ३ नं महिन्याला ३,००० रुपये. २४ महिन्यांचे ७२,००० रुपये झाले, आणि मुद्दल १ लाख तसंच उभं!

आता समजा, तुम्ही व्याजही दिलं नाही आणि समोरच्यानं ते दर महिन्याला मुद्दलात मिळवलं. पहिल्या महिन्याअखेर १,०३,०००. दुसऱ्या महिन्यात व्याज १,०३,००० वर, म्हणजे ३,०९०. असं करत २४ महिन्यांनी रक्कम होते सुमारे २,०३,२८० रुपये. दुपटीच्या वर! हे चक्रवाढ.

पैसा किती काळात दुप्पट होतो हे तोंडी काढायचं असेल तर ७२ ला दरानं भागा. महिना ३ टक्के असेल तर ७२ ÷ ३ = २४ महिने. वर्षाला ८ टक्क्यांची ठेव असेल तर ७२ ÷ ८ = ९ वर्षं. नियम अंदाजाचा आहे, पण मोंढ्यात उभ्या उभ्या हिशोब करायला पुरेसा आहे.

आपल्या जुन्या लोकांना हा धोका माहीत होता. म्हणून ‘दामदुप्पट’चा नियम आला. व्याज मुद्दलाएवढं झालं की थांबायचं, त्याहून जास्त वसूल करायचं नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही ही मर्यादा आहे. शिवाय परवानाधारक सावकारानं किती व्याज घ्यायचं तेही सरकारनं ठरवून दिलंय. शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारण १५ आणि विनातारण १८ टक्के. म्हणजे शेकडा ३ हा दर कमाल मर्यादेच्याही दुप्पट आहे. परवाना नसताना सावकारी करणं तर गुन्हाच आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

बँकेचा हप्ता कसा निघतो?

बँक म्हणते, जेवढे पैसे तुमच्याकडं शिल्लक तेवढ्यावरच व्याज. वर्षाला १२ म्हणजे महिन्याला १ टक्का. हप्ता काढायची रीत अशी :

- १.०१ ला १.०१ नं गुणत जा, एकूण २४ वेळा घ्या. उत्तर १.२६९७.
- १ ला त्यानं भागा : ०.७८७५७.
- ते १ मधून वजा करा : ०.२१२४३.
- पहिल्या महिन्याचं व्याज, म्हणजे १,००० रुपये, त्यानं भागा : ४,७०७ रुपये.

हा झाला मासिक हप्ता. हाताने करायचा कंटाळा आला तर मोबाईलमधल्या कोणत्याही शीटमध्ये ‘पीएमटी’ नावाचं सूत्र हेच काम करतं.

आता हप्त्याच्या पोटात काय आहे ते बघा. पहिल्या हप्त्यात व्याज १,००० आणि मुद्दल ३,७०७. शिल्लक राहिली ९६,२९३. दुसऱ्या महिन्यात व्याज ९६३ आणि मुद्दल ३,७४४. व्याज दर महिन्याला घटतं, मुद्दल जास्त फिटतं. २४ हप्त्यांत एकूण भरणा सुमारे १,१२,९७६. म्हणजे व्याज १२,९७६.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बारा हप्ते भरून झाले तरी शिल्लक ५२,९८२ असते, ५०,००० नाही. निम्मी मुदत संपली म्हणजे निम्मं कर्ज फिटलं असं होत नाही, कारण सुरुवातीला व्याजाचा वाटा मोठा असतो. म्हणून जादा पैसे हातात आले तर लवकर भरण्यात फायदा. मुदतीआधी भरल्यास दंड लागतो का, हे मात्र सहीआधी विचारा.

फ्लॅट बारा म्हणजे खरे किती?

फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत मूळ १ लाखावरच. वर्षाला १२,०००, दोन वर्षांचे २४,०००. एकूण १,२४,००० भागिले २४, हप्ता ५,१६७.

बँकेपेक्षा हप्ता फक्त ४६० रुपयांनी जास्त, म्हणून माणूस म्हणतो, “चालतंय की!” पण शेवटचा महिना बघा. त्या महिन्यात तुमच्याकडं त्याचे जेमतेम ४,१६७ रुपये मुद्दल उरलंय आणि व्याज तुम्ही १,००० रुपये देताय. एका महिन्याला २४ टक्के! बँकेच्या रीतीनं त्यावर ४२ रुपये व्याज झालं असतं.

हाच हप्ता शिल्लक रकमेच्या रीतीनं मोजला तर खरा दर निघतो वर्षाला सुमारे २१.६ टक्के. आणि समजा, फाईल चार्ज म्हणून ३,००० रुपये आधीच कापले, हातात ९७,००० आले, तर तोच दर जातो २५ टक्क्यांच्या आसपास. कागदावर मात्र ‘बारा’च लिहिलेलं असतं.

यावर आता एक चांगली सोय आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगाच्या मुदत कर्जांसाठी बँका आणि फायनान्स कंपन्यांनी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय. त्यात फी वगैरे सगळं धरून वार्षिक खरा दर, म्हणजे ‘एपीआर’, लिहावा लागतो, आणि तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. तो कागद मागा. एपीआरशी एपीआर ताडून बघा.

आता धंद्याचा हिशोब लावू

समजा, यंत्रापासून वीजबिल, मजुरी जाऊन आठ महिने ९,००० रुपये उरतात आणि पावसाळ्याचे चार महिने ३,००० रुपये. वर्षाचे ८४,०००, दोन वर्षांचे १,६८,०००. दोन वर्षांनी कुठं उभे असाल?

- बँक : कर्ज फिटलं, हातात ५५,०२४.
- फ्लॅट : कर्ज फिटलं, हातात ४४,०००.
- शेकडा ३ : ७२,००० व्याज देऊन हातात ९६,०००, पण डोक्यावर १ लाख तसेच. हिशोब वजा ४,०००.

तिसऱ्या ओळीकडं नीट बघा. रोजच्या व्यवहारात याच माणसाच्या खिशात सगळ्यात जास्त पैसे खुळखुळतात, कारण तो मुद्दल फेडतच नाही. म्हणून त्याला वाटतं धंदा मस्त चाललाय. दोन वर्षं राबून तो प्रत्यक्षात चार हजारांनी मागे आहे.

बँकेच्या रस्त्यालाही एक अडचण आहे. हप्ता दर महिन्याला ४,७०७, आणि पावसाळ्यात कमाई ३,०००. दर महिन्याला १,७०७ कमी पडणार, चार महिन्यांचे ६,८२८. आपल्या तालुक्यात गिऱ्हाईकाच्या हातात पैसा कापूस विकल्यावर येतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या गेल्या की कित्येक गावं निम्मी रिकामी होतात. हप्त्याला यातलं काही कळत नाही. म्हणून चांगल्या आठ महिन्यांत दर महिन्याला ८५४ रुपये बाजूला टाका, चार महिन्यांची खाच भरून निघते. कर्ज पावसाळ्याच्या तोंडावर उचलू नका, सिझनच्या आधी उचला.

हाच हप्ता उलटा फिरवला तर?

कर्जाचा हप्ता आणि बचतीचा हप्ता, गणित एकच. कर्ज फिटल्यावर हप्त्यातले निम्मेही नको, महिन्याला २,००० रुपये आवर्ती ठेवीत टाका. वर्षाला ६ टक्के, दर महिन्याला चक्रवाढ धरली, तर पाच वर्षांत भरलेले १,२०,००० रुपये होतात सुमारे १,३९,५४०. पुढचं यंत्र कर्जाशिवाय! पेन्शन योजनेत हेच उलट्या दिशेनं होतं. एकदा मोठी रक्कम द्यायची आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची. त्याला वार्षिकी म्हणतात.

पण पैसा ठेवताना दराच्या मोहात पडू नका. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचं प्रकरण आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ईडीच्या म्हणण्यानुसार ठेवींवर १२ ते १४ टक्क्यांची आमिषं होती. ठेवीदारांचे पैसे अडकले, २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले. कायद्याचं काम कायदा करेल. आपण गणित बघू. जो ठेवीदाराला १३ टक्के देतो त्याला भाडं, पगार, बुडीत कर्ज धरून १७-१८ टक्क्यांच्या वर कर्ज द्यावं लागणार. बँकेत १२ नं मिळत असताना चांगला कर्जदार तिथं कशाला जाईल? हा एक प्रश्न ठेव ठेवण्याआधी विचारायचा. दुसरी गोष्ट, बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागं ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थांना ते नाही.

सहीआधीचे पाच प्रश्न

१) दर महिन्याचा की वर्षाचा?
२) व्याज फ्लॅट की शिल्लक रकमेवर?
३) हातात प्रत्यक्ष किती रुपये येणार?
४) सगळे हप्ते मिळून एकूण किती भरणार?
५) मंदीच्या महिन्यात हप्ता कुठून देणार?

बँकेकडं जाताना मुद्रा योजनेची माहिती घेऊनच जा. ५०,००० पर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुण कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. आपलं १ लाखाचं यंत्र ‘किशोर’मध्ये बसतं. कोटेशन, ओळखपत्रं आणि वरच्यासारखा महिन्यावार कमाईचा एक कागद सोबत ठेवा. पहिल्या फेरीत काम होईलच असं नाही, बँकेत दोन-तीन चकरा होतात. पण शेकडा ३ च्या मानानं बँकेचं दोन वर्षांचं व्याज ५९,००० रुपयांनी कमी आहे. तीन चकरा धरल्या तरी एका चकरेची मजुरी जवळपास वीस हजार पडते!

आज रात्री तुमच्या स्वतःच्या धंद्याचे आकडे घालून हे गणित एकदा करा. पुढच्या भागात खेळत्या भांडवलाचा आणि उधारीचा हिशोब बघू.