फाइलची मालकी आणि ती पुसण्याचा अधिकार

मालेगावसारख्या शहरात विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम लहान सेवा केंद्रांतून व संस्थांच्या कार्यालयांतून चालते. त्यासाठी स्कॅन केलेले जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, आधार कार्डे व बँक पासबुके संगणकात साठत जातात. संगणक जुना झाला, की तो कोणाला तरी द्यावयाचा असतो. अशा वेळी ही कागदपत्रे पुसणे हे आपले कर्तव्य ठरते. पण पुसावयास गेले असता ‘ॲक्सेस डिनाइड’, म्हणजे परवानगी नाही, असा संदेश येतो. संगणक आपला असून असे का होते, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

१९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून प्रत्येक फाइलला एक मालक व एक परवानगीची यादी असते. मालकाची नोंद नावाने नव्हे, तर खात्याच्या एका लांबलचक क्रमांकाने होते. जुन्या डिस्कवरील खाते व नव्या संगणकावरील खाते यांचे नाव एकच असले, तरी क्रमांक वेगळे असतात. म्हणून जुनी डिस्क नव्या संगणकाला जोडली, की आपण आपल्याच फाइलला परके ठरतो.

यावर उपाय आहे. प्रशासकाच्या, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून फोल्डरवर माऊसचे उजवे बटण दाबावे व ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’ या क्रमाने जावे. ‘ओनर’ या शब्दासमोरील ‘चेंज’ दाबून आपल्या खात्याचे नाव लिहावे. आतील सर्व फाइलींना हाच मालक लागू करण्याची खूण करून ‘ओके’ म्हणावे.

येथे पुष्कळजण थांबतात आणि काम झाले नाही म्हणून वैतागतात. घर नावावर झाले तरी किल्ली हातात यावी लागते, तसेच हे आहे. मालकी मिळाल्याने परवानगीची यादी बदलण्याचा अधिकार मिळतो; पुसण्याची परवानगी आपोआप मिळतेच असे नाही. म्हणून तीच खिडकी पुन्हा उघडून ‘ॲड’मधून आपल्या खात्यास ‘फुल कंट्रोल’ द्यावे, ते आतील फाइलींनाही लागू करावे आणि मग फोल्डर पुसावा.

मात्र प्रत्येक नकारावर हे औषध नव्हे. ‘फाइल वापरात आहे’ असा संदेश आला, तर प्रश्न मालकीचा नसतो. तो कार्यक्रम बंद करावा. मालक म्हणून ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ असे नाव दिसले, तर ती विंडोजची स्वतःची फाइल समजावी. २००७ साली सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टापासून अशा फाइलींना हे संरक्षण आहे. त्या पुसल्यास संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा मोठा फोल्डर काढण्यासाठीही मालकी घेण्याची गरज नाही. ‘डिस्क क्लीनअप’मधून तो रीतसर जातो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. फाइल पुसली आणि रिसायकल बिन रिकामा केला, तरी मजकूर डिस्कवर शिल्लक असू शकतो व जाणकार तो परत काढू शकतो. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून नाव खोडले म्हणजे प्रकरण फाटत नाही. म्हणून संगणक देण्यापूर्वी विंडोज १० किंवा ११ मधील ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘क्लीन डेटा’ चालू करावे. जुनी हार्ड डिस्क वेगळी जोडली असेल, तर ठेवावयाचे ते उतरवून घेऊन, ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. यास कित्येक तास लागतात. ते लागू द्यावेत.

विद्यार्थ्याने दाखला आपल्या हाती दिला, तो अर्जापुरता. काम संपल्यावर तो सुरक्षित राहील किंवा नाहीसा होईल, हे पाहण्याची जबाबदारी संगणक वापरणाऱ्यावर आहे. कार्यालये व केंद्रे चालविणाऱ्या सर्वांनी याची नोंद घ्यावी, ही विनंती.