दोन खुर्च्या, एक खुर्ची

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणून घेण्यासाठी होतो तो वाद. दोन्ही बाजू आपापले मत मांडतात, पण हेतू जिंकण्याचा असतो, तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढायचे, ती वितंडा. मराठीत 'वितंडवाद' टिकला, 'जल्प' मात्र मागे पडला. दूरचित्रवाणीवरील राजकीय चर्चांचा माग काढताना मला हा मागे पडलेला शब्दच अधिक उपयोगी वाटला. कारण या चर्चांना ज्याने रोजचा साचा दिला, तो अमेरिकेतील सीएनएन वाहिनीवरचा 'क्रॉसफायर' हा कार्यक्रम उघडउघड जल्प होता.

पडद्यावरची वादावादी त्याआधीही होती. १९६८मध्ये दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांच्या वेळी एबीसी वाहिनीने विल्यम बकली आणि गोर विडाल यांना समोरासमोर बसवले आणि प्रकरण शिवीगाळीपर्यंत गेले. सीबीएसच्या 'सिक्स्टी मिनिट्स'मध्ये सत्तरच्या दशकात उजव्या आणि डाव्या स्तंभलेखकांची छोटी जुगलबंदी होत असे. पण हे सारे प्रासंगिक होते किंवा काही मिनिटांपुरते. रोज भांडायचे, तर रोज भरून काढावा लागेल असा वेळ हाती असावा लागतो. तो वेळ टेड टर्नर यांनी १ जून १९८० रोजी सुरू केलेल्या सीएनएनने आणला. चोवीस तास बातम्या द्यायच्या, तर बातमीदार, कॅमेरे, उपग्रहाचे भाडे असा मोठा खर्च येतो. टेबलाभोवती बसलेली चार माणसे त्या मानाने फार स्वस्त पडतात.

१९८२मध्ये 'क्रॉसफायर' सुरू झाला. डावीकडे टॉम ब्रेडन, उजवीकडे पॅट ब्युकॅनन. ब्रेडन एकेकाळचे सीआयएचे अधिकारी, नंतर स्तंभलेखक. ब्युकॅनन हे निक्सन यांचे भाषणलेखक. ही जोडी वॉशिंग्टनच्या रेडिओवर आधीच जमलेली होती. कार्यक्रमाची खरी नवलाई वेगळीच होती. येथे सूत्रसंचालक पंच नव्हता, तोच पक्षकार होता. 'डावीकडून' आणि 'उजवीकडून' अशी स्वतःची ओळख देऊनच हे दोघे प्रेक्षकांचा निरोप घेत. मंडनमिश्र आणि शंकराचार्यांच्या वादाच्या कथेत उभयभारती मध्यस्थ म्हणून बसते. या टेबलाशी तिची खुर्चीच ठेवलेली नव्हती.

तरीही या रचनेत एक प्रामाणिकपणा होता, हे नोंदवले पाहिजे. बोलणारा कुठल्या बाजूचा आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असे. विषय बहुधा एकच असे, आणि पाहुण्याला मित्राबरोबर विरोधकाच्याही प्रश्नांना तोंड द्यावे लागे. १९८६मध्ये गाण्यांतील शब्दांवर बंधने असावीत का, या विषयावर संगीतकार फ्रँक झापा आले. सूटबूट आणि टाय घातलेला हा रॉक संगीतकार एका पुराणमतवादी स्तंभलेखकाशी वाद घालताना शांत राहिला, हे त्या चित्रफितीत आजही पाहता येते. १९८९मध्ये ब्रेडन यांच्या जागी 'द न्यू रिपब्लिक'चे संपादक मायकेल किन्सली आले. वकिली शिस्तीने उलटतपासणी करणारा हा माणूस डाव्या खुर्चीत होता तो काळ मला कार्यक्रमाच्या भरभराटीचा वाटतो. तेव्हा तो जल्प होता, पण कसदार जल्प होता.

घसरण कुठून सुरू झाली? आवाज चढले म्हणून, असे सहसा सांगितले जाते. मला कारण खुर्च्यांमध्ये दिसते. ब्युकॅनन १९८५मध्ये रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये संपर्क संचालक म्हणून गेले, दोन वर्षांनी परतले, १९९२मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले, पुन्हा परतले, पुन्हा उतरले. थोरल्या बुश यांचे माजी चीफ ऑफ स्टाफ जॉन सुनुनू १९९२मध्ये थेट या खुर्चीत आले. २००२मध्ये क्लिंटन यांच्या प्रचाराचे सूत्रधार जेम्स कारव्हिल आणि पॉल बेगाला डावीकडे बसले, आणि २००४च्या निवडणुकीत जॉन केरी यांना अनौपचारिक सल्ला देत असतानाही ते तेथेच होते. मत असलेल्या पत्रकाराची जागा पक्षाच्या माणसाने घेतली. पत्रकाराला निदान आपल्या मताची लाज राखावी लागते. पक्षाच्या माणसाला फक्त आजची ओळ राखायची असते. त्याच २००२मध्ये कार्यक्रम जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात प्रेक्षकांसमोर होऊ लागला. टाळ्या मिळू लागल्या, की उत्तराची वाट कोण पाहणार? सीएनएनच्या या काळातील संहिता उपलब्ध आहेत. अनेकजण एकदम बोलू लागले, की लिहून घेणारा कंसात 'क्रॉसटॉक' एवढाच शब्द टाकतो. वाचताना तो शब्द इतक्यांदा भेटतो, की तोच तिसरा सूत्रसंचालक वाटू लागतो.

१५ ऑक्टोबर २००४ रोजी विनोदकार जॉन स्टुअर्ट पाहुणे म्हणून आले. समोर उजवीकडचे टकर कार्लसन आणि डावीकडचे बेगाला. नव्या पुस्तकाविषयी गमतीजमती होतील, अशी अपेक्षा होती. स्टुअर्ट यांनी मात्र दोघांना विनवले, की हे थांबवा, तुम्ही देशाचे नुकसान करता आहात. ही चर्चा नाही, नाटक आहे. तुम्ही तरी केरींना कुठे अवघड प्रश्न विचारलेत, असे कार्लसन यांनी सुनावले. माझ्या कार्यक्रमाआधी बाहुल्यांचा कार्यक्रम लागतो, असे उत्तर आले. जानेवारी २००५मध्ये सीएनएनचे नवे प्रमुख जोनाथन क्लाइन यांनी स्टुअर्ट यांच्याशी सहमती दाखवत कार्यक्रम बंद करण्याचे जाहीर केले. जूनमध्ये तो संपला. २०१३मध्ये त्याला पुन्हा उभे करण्यात आले, पण पुढच्याच वर्षी तो कायमचा मिटला.

ही कथा सहसा येथे, एका विनोदकाराच्या विजयापाशी थांबते. माझे म्हणणे येथून पुढचे आहे. 'क्रॉसफायर' गेला, पण त्याच्या जागी वाद आला नाही. नभोवाणी-दूरचित्रवाणी केंद्रांनी वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात, हा अमेरिकेतील १९४९चा दंडक १९८७मध्येच रद्द झाला होता. १९८८पासून रश लिंबॉ रेडिओवर देशभर एकटेच बोलू लागले होते. फॉक्स न्यूजवर १९९६पासून 'हॅनिटी अँड कोम्स' ही जोडी होती. २००९च्या आरंभी कोम्स गेले आणि हॅनिटी एकटे उरले. कार्लसन यांनीही पुढे त्याच वाहिनीवर एकट्याचा कार्यक्रम गाजवला. दोन खुर्च्यांचा दोष असा होता, की प्रत्येक प्रश्नाला दोनच बाजू असतात असा भ्रम त्या निर्माण करत. दोष काढण्याच्या नावाखाली आपण दुसरी खुर्चीच काढून टाकली. मध्यस्थ आधीच नव्हता, आता प्रतिपक्षही राहिला नाही.

'क्रॉसफायर' बंद झाला त्याच वर्षी, डिसेंबर २००५मध्ये, भारतात सीएनएन-आयबीएन सुरू झाली. २००७मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा', २००८मध्ये 'आयबीएन लोकमत' आली आणि संध्याकाळची चर्चा मराठी घरांत रुळली. आपल्याकडे दोन खुर्च्यांऐवजी खिडक्या आल्या: सहा, आठ, कधी दहा. संख्या वाढली म्हणून प्रतिपक्ष वाढला असे नाही. चाळीस मिनिटे दहा जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात, आणि त्यांतलीही सूत्रसंचालक घेतो. चार मिनिटांत घोषणा देता येते. आपले म्हणणे मांडून, त्यावरचा आक्षेप ऐकून, त्याला उत्तर देता येत नाही.

जल्प हा वादापेक्षा खालचा, यात शंका नाही. पण त्यात निदान दोघांना आपापली बाजू मांडावी लागते आणि समोरच्याचे ऐकावे लागते, निदान त्याचे खंडन करण्यापुरते तरी. कुठलाही चर्चेचा कार्यक्रम पाहताना मी आता आवाज मोजत नाही. एवढेच पाहतो: आज पडद्यावरच्या कुणाला, ज्याचे मत त्याला पटत नाही अशा माणसाच्या एका प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यावे लागले का?